रिपोर्ट येईपर्यंत

"त्या मशीनला कळतं का गं, रक्त कधीपासून जातंय ते?"

माईंनी हे इतक्या हळू विचारलं, की मला आधी वाटलं त्या जप करताहेत. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. माई म्हणजे माझ्या सासूबाई. मला खेटून बसल्या होत्या आणि माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. माझा तो दुसरा दिवस होता. हे दुखणं उपटायच्या आधी अशा दिवशी त्यांनी मला मागच्या खोलीत चटईवर बसवलं असतं आणि ताट उंबऱ्यापाशी ठेवून त्या चार पावलं मागे सरल्या असत्या.

"कधीपासूनचं नाही कळत, माई," मी म्हटलं. "आत्ता आत काय आहे, तेवढंच दिसतं."

"नक्की?"

"शेवडेबाईंना विचारू का?"

"नको नको. डॉक्टरांना काही विचारू नकोस."

आमच्या गावात कृष्णेच्या काठी दत्ताचं देऊळ आहे आणि दर गुरुवारचा नैवेद्य आमच्या घरून जातो. बाकी काही कमीजास्त चालेल, पण दत्ताला घेवड्याची भाजी लागतेच. हा नैवेद्य माई सोवळ्यात रांधत. त्या वेळी स्वयंपाकघरात मांजरालाही मज्जाव असे. आमच्या घरात जगाचे दोनच भाग होते, शिवायच्या गोष्टी आणि न शिवायच्या गोष्टी, आणि महिन्यातले चार दिवस मी दुसऱ्या भागात मोडत असे. मी तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात साठ मुलं माझ्या शब्दावर उठायची-बसायची, आणि घरी आले की मी चटईवर. उपेंद्रला, माझ्या नवऱ्याला, काही बोलायला गेलं की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "आईचं वय झालंय गं, कशाला दुखवायचं." आईचं वय आमच्या लग्नाच्या दिवसापासून झालेलंच होतं.

मग एका गुरुवारी माई देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. अंगात रक्तच उरलं नव्हतं. मूळव्याध आहे, दोनेक महिने त्रास होतोय, वैद्यांचं चूर्ण चालू आहे, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. शहरातल्या हॉस्पिटलात दुर्बिणीनं पाहिलं तेव्हा आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ निघाली. घरात आम्ही गाठच म्हणत होतो. दुसरा शब्द कुणी तोंडातून काढला नाही.

आधी किरणांचे उपचार आणि औषधं झाली. ते दिवस माझ्याच हातून गेले. माईंना धुणं-पुसणं, कपडे बदलणं, रात्री-बेरात्री उठवून नेणं, सगळं मी केलं. त्यात माझे चार दिवस कधी आले नि कधी गेले, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढचा प्रश्न ऑपरेशनचा होता. गाठ इतकी खाली होती, की ऑपरेशन केलं तर खालची वाट कायमची बंद करून पोटावर पिशवी लावावी लागणार होती.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी माईंनी दुखेल का, किती दिवस राहायचं, यातलं काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पोटाला घाण बांधलेल्या बाईला स्वयंपाकघरात कोण घेईल?"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं.

आशा होती ती एवढीच. डॉ. शेवडेबाई म्हणाल्या होत्या, की काही जणांची गाठ किरणांनीच पुरती विरघळते. तसं असलं तर ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवता येते. पण विरघळली हे ओळखणं अवघड. भाजलेल्या जागेचा वण आणि शिल्लक राहिलेली गाठ, दोन्ही दुर्बिणीतून सारखीच दिसू शकतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक नवीन मशीन आलं होतं, अजून पारखून बघण्याच्या टप्प्यावरचं; किरणांच्या आधी माई गुंगीत असताना त्यावर एक चित्र काढून ठेवलं होतं. एमआरआय आणि दुर्बिणीच्या जोडीला आता तेही पुन्हा लावून बघू, असं ठरलं. तोच तो दिवस.

नर्सनं हाक मारली. आत मलाही घेतलं, आणि सगळ्यांना हिरवट काचांचे चष्मे दिले, प्रकाशापासून डोळे सांभाळायला. माईंना तो चष्मा फार मोठा होत होता. एरवी मला हसू आलं असतं. त्या डाव्या कुशीवर निजल्या आणि मी त्यांच्या डोक्याशी उभी राहिले.

"आजी, घाबरू नका," शेवडेबाई म्हणाल्या. "ही बारीक नळी आत जाईल. तिच्यातून आपण प्रकाशाची चमक सोडतो. रक्त तो प्रकाश शोषतं, जरासं तापतं, फुगतं आणि आवाज करतं. आपल्याला ऐकू येत नाही. मशीन ते ऐकतं आणि रक्तवाहिन्यांचं चित्र काढतं."

माईंनी मान उचलली. "म्हणजे रक्तच सांगतं?"

"तसंच समजा."

"काय काय सांगतं?"

"कुठे आहे आणि कसं वाहतंय, ते."

"आणखी काही?"

"आणखी काय हवंय तुम्हाला?" बाई हसल्या.

माईंनी डोळे मिटले आणि माझी बोटं इतकी आवळली, की अंगठी रुतली. त्या कशाला घाबरल्यात ते मला तेव्हा कळलं नाही. मी पडद्याकडे बघत होते. किरण सुरू व्हायच्या आधी याच मशीननं काढलेलं चित्र मी पाहिलं होतं; त्यात एका जागी काळा खड्डा होता आणि त्याच्या कडेनं वेड्यावाकड्या रेघा. आता तो खड्डा मला सापडेना. पण मी पडले मराठीची बाई, मला त्यातलं काय कळणार.

तपासणी झाली. माईंना बाहेर बसवलं आणि शेवडेबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. आपल्याकडे निकाल आधी नातेवाइकाला सांगतात आणि ज्याचा जीव टांगणीला लागलेला असतो तो बाहेर भिंतीकडे बघत बसतो. बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली.

"हे बघा. जिथे गाठ होती तिथे निरोगी आतड्याच्या रक्तवाहिन्या परत आल्यात. सरळ, सारख्या. गाठ शिल्लक असती तर अशा दिसल्या नसत्या. एमआरआय आणि दुर्बीण दोन्ही हेच म्हणताहेत. आतडं पहिल्यासारखं झालंय."

"म्हणजे पिशवी?"

"नको. ऑपरेशनच नको. पण दर तीन महिन्यांनी यायचं. परत उगवायचं झालं तर आधी इथेच कळेल. चुकवायचं नाही."

मी मान हलवत राहिले. खोलीतून बाहेर आले तेव्हा माझे डोळे वाहत होते, आणि माईंनी तेच पाहिलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "काही बोलू नकोस. आधी माझं ऐक. एकदा तू सांगितलंस, की मला बोलायचं बळ राहणार नाही."

"माई, अहो..."

"ऐक म्हणते ना. मला दोन महिन्यांपासून नव्हतं जात रक्त. गणपतीच्याही आधीपासून जात होतं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, पाडवा झाला. दर गुरुवारी मी आत कपडा घेऊन, वरून सोवळं नेसून नैवेद्य रांधला. भाजी ढवळताना मला कळायचं, आत्ता जातंय. तरी ढवळत होते. सांगितलं असतं तर नैवेद्य दुसऱ्या घरी गेला असता."

मी बाकावर बसले. आधी मला राग आला. त्यातले कितीतरी गुरुवार मी मागच्या खोलीत, भिंतीपलीकडून फोडणीचा वास घेत बसून काढले होते. आतली बाई रक्त जात असतानाच देवाचं अन्न शिजवत होती आणि मी विटाळ होऊ नये म्हणून पाणीसुद्धा मागून पीत होते. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि राग टिकेना. त्या बाईनं हे ओझं एकटीनं वाहिलं होतं. डॉक्टरलाही खरी तारीख सांगितली नव्हती. लवकर सांगितलं असतं तर गाठ कदाचित भुईमुगाच्या दाण्याएवढी असताना सापडली असती.

"त्याचीच ही शिक्षा," माई म्हणाल्या. "दत्ताला फसवलं मी."

"शिक्षा कसली, माई? आजार आहे. तो प्रसाद सगळ्या गावानं खाल्ला. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही."

समोरून एक वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत गेला, ती दिसेनाशी होईपर्यंत माई तिकडेच बघत होत्या.

"मग मी तुला कशापायी बसवलं गं?"

एवढी वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले होते. त्या भांडणाचा शेवट त्यांच्या तोंडून असा येईल, असं कधी वाटलं नव्हतं. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. फक्त त्यांच्या खांद्यावर डोकं टेकावंसं वाटलं.

"शर्वाणी आता मोठी होईल," त्या म्हणाल्या. शर्वाणी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची होती. "तिला नाही बसवायचं. तिला मी कधी बसवणार नाही. दत्ताची शपथ. आणि तूही नाही बसायचंस. मला पिशवी लावून आणलंत, तर मला तेवढं स्वयंपाकघरात येऊ द्या. लांब बसेन, पण आत."

मला याच एका गोष्टीची भीती होती. माझं झालं ते झालं; शर्वाणीच्या वेळी मी काय करणार, उपेंद्र कुठल्या बाजूला उभा राहणार, हे विचार मला वर्ष-दोन वर्षं झोपू देत नव्हते. आणि ते न मागता माझ्या पदरात पडलं होतं.

"माई," मी म्हटलं, "पिशवी लागणार नाही. गाठ गेलीय. पुरती."

त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या, आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. खाली कँटीनमध्ये आम्ही एका बशीत उपमा खाल्ला. माझ्या हातातला चमचा घेऊन त्यांनी त्यानंच दोन घास खाल्ले. तो दुसरा दिवस त्यांना ठाऊक होता, सकाळी गाडीत त्यांनी आपण होऊन विचारलं होतं, "कंबर दुखतेय का?" मला आठवतं, मी मनात म्हटलं, या गाठीनं आमच्या घराचं भलं केलं.

परतीच्या वाटेवर त्या हळूहळू बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, दमल्या. शहर मागे पडलं तशी त्यांनी आमच्या दोघींच्या मध्ये कापडी पिशवी ठेवली. मला वाटलं, मांडीवर जड होत असेल. एका गावच्या बाजारापाशी त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली.

"उद्या गुरुवार," त्या म्हणाल्या. "घेवडा घेते."

मी उतरले आणि भाजीवालीपुढे पिशवी धरली. माईंनी ती माझ्या हातून घेतली नाही. आपल्या पदराचा ओचा केला आणि घेवडा त्यात घेतला.

"तू नको," त्या म्हणाल्या. "नैवेद्याचं आहे."

गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मी दर वर्षी सातवीच्या वर्गाला शिकवते. त्या दिवशी मात्र ती मला आठवली नाही. मी स्वतःला समजावलं, की वर्षानुवर्षांची सवय आहे, एका दिवसात कशी जाईल. शब्द दिलाय तो शर्वाणीचा.

घरापाशी गाडी थांबली तेव्हा शर्वाणी अंगणातच होती. उपेंद्रला मी फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे तो पेढे घेऊन उभा होता. शर्वाणी हातातला पेढा घेऊनच धावत आली, आजीला मिठी मारायला हात पसरले आणि मध्येच थबकून माझ्याजवळ आली. माझ्या कानात म्हणाली, "आई, माझं सुरू झालं. सकाळी. बाबांना काही कळेना, मग मी तुझ्या कपाटातलं घेतलं."

ती हसत होती. घाबरली होती, पण हसत होती. तिला वाटत होतं, आज घरात दोन चांगल्या बातम्या आहेत.

माईंनी ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि थांबले. शपथ सकाळची, आणि अजून संध्याकाळसुद्धा झाली नव्हती.

माईंनी ओचा छातीशी धरला आणि दोन पावलं मागे घेतली. "मागच्या खोलीत चटई टाक तिची," त्या म्हणाल्या.

"माई."

"उद्या नैवेद्य आहे, सुनीती."

"तुम्ही शपथ घेतलीत. दत्ताची."

"आजारी माणसाचं बोलणं असं धरून ठेवतात का?" त्या चिडल्या नव्हत्या. मला समजावत होत्या, तेच जास्त वाईट होतं. "वाटेत मी विचार केला. त्यानं मला शिक्षा केली आणि आता माफ केलं. माफ केलं म्हणजे माझी चूक होतीच ना? नसती, तर माफ कशाला केलं असतं? एवढ्या मोठ्या दुखण्यातून काढलं मला त्यानं. आता पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ? तेही नातीला पुढे करून?"

"कसली चूक?" उपेंद्रनं विचारलं.

माई माझ्याकडे बघत राहिल्या. गणपतीपासूनचे सगळे गुरुवार माझ्या ओठांवर होते. एका वाक्यात मी त्यांचं सोवळं अंगणात उतरवू शकले असते आणि गावात तो नैवेद्य पुन्हा कधी कुणी त्यांच्या हातून घेतला नसता. मी तोंड उघडलंही.

"जाऊ दे ना, सुनीती," उपेंद्र म्हणाला. "चार दिवसांचा तर प्रश्न. आई आज एवढी मोठी..."

"आई, भांडू नका," शर्वाणी म्हणाली. "आजी बरी झालीय ना? मी बसते." आणि कोपऱ्यातली चटई तिनं आपणच उचलली, काखेत मारली आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं गेली. पेढा तिच्या हातात तसाच राहिला होता.

तिनं माझं तोंड बंद केलं. एवढ्याशा पोरीनं जे आजीसाठी सोडलं, ते मी सूड घेऊन परत कसं आणणार होते? मी दोन ताटं वाढून घेतली आणि मागच्या खोलीत तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं मला विचारलं, "आजी अगदी बरी झाली ना?" मी म्हटलं, "हो, अगदी पहिल्यासारखी." माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण तिनं वर पाहिलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून घेवड्याच्या फोडणीचा वास आम्हा दोघींना आला. नैवेद्य वेळेवर गेला.

माई अजून आहेत. तपासण्या तीन महिन्यांवरून सहावर आणि मग वर्षावर आल्या. शेवडेबाई नव्या पेशंटांना धीर द्यायला माईंचं उदाहरण देतात. मला त्यांच्या जगण्याचा आनंद आहे, हे मी खोटं बोलत नाही. पण दर तपासणीच्या आधी चार-पाच दिवस आमच्या घरात एक वेगळीच माई वावरते. ती मला जवळ बसवते, कंबर दुखते का विचारते, स्वयंपाकघरात ये म्हणते. त्या बाईवर माझा फार जीव आहे. ती रिपोर्ट येईपर्यंतच असते.

हे मला कळायला दोन-तीन वर्षं लागली. शर्वाणीला पहिल्या तीन महिन्यांतच कळलं.

त्या पहिल्या फेरतपासणीची सकाळ होती. शर्वाणी मागच्या खोलीत होती. गाडी दारात आली, माई लुगडं नेसून तयार झाल्या आणि बाहेर निघायच्याऐवजी मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी गेल्या. चेहरा उतरला होता. चटईवर पुस्तक घेऊन बसलेल्या नातीपुढे त्यांनी हात केला.

"शर्वू, ये गं. माझ्याजवळ बस जरा. मला फार भीती वाटतेय."

शर्वाणीनं पुस्तक मिटलं. ती उठून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. आजीचा हात तिच्यासमोर तसाच होता. ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आधी रिपोर्ट येऊ दे, आजी," ती म्हणाली. "मग सांग, जवळ बसू का ते."

माईंचा हात खाली आला. गाडीत त्या शहर येईपर्यंत माझा हात धरून बसल्या. त्या वेळचाही रिपोर्ट चांगला आला.